खोल सफाईत कमी काय दुखतं? यंत्राच्या आधी भुलीबद्दल विचारा

पाचोऱ्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "माझी आई 58 वर्षांची आहे. साखरेचा त्रास आहे, मिश्री लावायची जुनी सवय आहे. हिरड्यांतून रक्त येतं, खालचे पुढचे दात हलतात. एका डॉक्टरांनी चार वेळा बोलावून हाताच्या हत्यारांनी आणि मशीनने खोल सफाई करू असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी लेसरने अजिबात न दुखता होईल म्हणाले, पण खर्च कितीतरी पट आहे. आई दुखण्याला इतकी घाबरली आहे की आता दोन्हीकडे नको म्हणते. खरंच कशात कमी दुखतं?"

ताई, मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर आहे, जळगावात काम करते. हा प्रश्न माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट विचारतो. कुणी तोंडाने विचारतं, कुणी खुर्चीचे हात घट्ट धरून. थेट उत्तर आधी देते. पद्धतींमध्ये दुखण्याचा फरक आहे, पण तुम्हाला सांगितला गेला तेवढा मोठा नाही. आईंना किती दुखेल हे सगळ्यात जास्त भुलीवर अवलंबून आहे, त्यानंतर हिरडी आज किती सुजलेली आहे त्यावर, आणि मग हत्यार कुणाच्या हातात आहे त्यावर. यंत्र कोणतं, हा प्रश्न या सगळ्यानंतर येतो. भूल नीट बसली असेल तर साध्या हाताच्या हत्याराखालीही आई शांत बसतील. भूल न देता हिरडीखालच्या सात मिलिमीटर खोल फटीत महागातलं महाग यंत्र घातलं, तरी त्या अर्ध्यातून उठून जातील.

आता हे नीट उलगडून सांगते, कारण आईंना समजावायचं काम शेवटी तुम्हालाच करायचं आहे.

निरोगी तोंडात दात आणि हिरडी यांच्यामध्ये 1 ते 3 मिलिमीटरची फट असते. आजार वाढला की ही फट खोल होते, तिला आम्ही पॉकेट म्हणतो. 4 मिलिमीटरपासून पुढे काळजी सुरू होते आणि 6 च्या पुढे ते खोल पॉकेट. या खड्ड्यात ब्रश पोचत नाही. बोअरच्या पाण्याचा क्षार हंड्याच्या तळाला बसतो तसं कीटण दाताच्या मुळाला घट्ट धरून बसतं, आणि हिरडीखालचं कीटण तर वरच्या पिवळट कीटणापेक्षा कडक आणि काळपट असतं. नेहमीच्या सफाईत हिरडीच्या वरचं कीटण निघतं. खोल सफाईत हत्यार हिरडीच्या खाली, मुळाच्या अंगाने पॉकेटच्या तळापर्यंत न्यावं लागतं, तेही न बघता, बोटाला लागणाऱ्या खडबडीवरून अंदाज घेत. म्हणून तिला वेळ लागतो आणि म्हणूनच ती दुखू शकते.

पण "दुखतं" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात वेगवेगळी दुखणी मिसळलेली असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. सुजलेल्या पॉकेटची आतली बाजू म्हणजे जवळजवळ उघडी जखम असते. तिला हत्यार लागलं की टोचतं, जळजळतं. दुसरं दुखणं मुळाचं. हिरडी खाली सरकली की मूळ उघडं पडतं, मुळावर दातासारखं कडक कवच नसतं, आणि तिथल्या सूक्ष्म नळ्यांतला द्रव थंड पाण्याने हलला की आतली नस झणझणते. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात ही गोष्ट प्रयोगांनी दाखवली आणि आजही आम्ही संवेदनशील दाताचं कारण त्यावरूनच समजावतो. तिसरं म्हणजे दाब, खरवडण्याचा आवाज आणि कंप. हे वेदनेपेक्षा नकोसेपण जास्त आहे, पण घाबरलेल्या माणसाला ते दुखण्यासारखंच लागतं. आणि चौथं दुखणं कुणी मोजतच नाही: पाऊण तास तोंड उघडं ठेवून जबडा भरून येतो. माझ्याकडच्या कित्येक वयस्क बाया घरी गेल्यावर "दात नाही हो, कानाजवळ दुखतंय" म्हणून फोन करतात.

हे मनात ठेवून पद्धतींकडे बघा.

हाताची हत्यारं, म्हणजे क्युरेट. बारीक, वाकडी पाती, दाताच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळी. यांचं दुखणं मुख्यतः दाबाचं आणि हिरडी ताणली जाण्याचं असतं. थंड पाणी नसतं, म्हणून ज्यांची मुळं उघडी आहेत त्यांना काही वेळा मशीनपेक्षा हेच बरं वाटतं. पण पातं धारदार हवं. बोथट क्युरेट कीटण उचकटत नाही, त्यावरून घसरतो, मग डॉक्टर जोर लावतात, आणि तो जोर सगळा पेशंटला सोसावा लागतो. शिवाय कीटणाचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन ते आतच राहतं. ज्या दवाखान्यात क्युरेटला नेमाने धार लावली जाते तिथे हाताची सफाई किती सौम्य होऊ शकते हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

अल्ट्रासॉनिक मशीन, ज्याला आपल्याकडे नुसतं "मशीन" म्हणतात, तिची टिप सेकंदाला साधारण 25 ते 40 हजार वेळा कंपते आणि सोबत पाण्याचा फवारा असतो. दोन जाती आहेत. मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह मशीनची टिप लंबगोल फिरते, पायझो मशीनची टिप सरळ रेषेत पुढेमागे जाते. पायझोची बाजू दाताला समांतर टेकवली तर काम हलकं होतं. तिचं टोक दातावर रोखलं तर ती मुळावर अक्षरशः ठोके मारते. यंत्र तेच असतं, पण धरण्याच्या कोनावरून दुखणं दुप्पट होतं. खोल पॉकेटसाठी बारीक, लांब टिप आणि कमी ते मध्यम ताकद हवी. वरच्या जाड कीटणासाठी लावलेली ताकद तशीच ठेवून हिरडीखाली शिरलं की पेशंट उडतो. मशीनचं मोठं दुखणं म्हणजे थंड पाणी. त्यावर साधा उपाय आहे, तो फार कमी ठिकाणी केला जातो: टाकीत कोमट पाणी भरायचं. आपल्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वतःच तापलेलं असतं, त्या दिवसांत झणझणल्याची तक्रार मला कमी ऐकू येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी नऊला खुर्चीत बसलेल्याला तेच मशीन असह्य होतं. आईंची वेळ थंडीत ठरली तर कोमट पाण्याची मागणी बिनधास्त करा.

हात आणि मशीन यांची तुलना करणारे अभ्यास बरेच झाले आहेत. काहींत मशीन थोडी कमी दुखरी निघाली, काहींत दोन्ही सारखी. आजार बरा होण्यात मात्र दोघांचा निकाल जवळपास सारखाच आहे. वेळ मशीनला कमी लागतो, आणि उघड्या ठेवलेल्या जबड्याचा विचार केला तर ही छोटी गोष्ट नाही. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोन्टॉलॉजीने 2020 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हाताने करा, मशीनने करा किंवा दोन्ही मिळून करा, असंच म्हटलं आहे. मी दोन्ही वापरते: मोठा भाग मशीनने, मुळांच्या बेचक्यात आणि शेवटच्या तपासणीला हाताने.

लेसरबद्दल नीट सांगायला हवं, कारण तुमचा पैसा तिथे जाणार आहे. लेसर हा शब्द एक असला तरी यंत्रं वेगळी आहेत. एर्बियम लेसर, ज्याची तरंगलांबी 2940 नॅनोमीटर असते, तो पाण्यात शोषला जातो आणि कीटण खरोखर काढू शकतो. त्याच्या अभ्यासांत काही ठिकाणी पेशंटनी कमी दुखल्याचं सांगितलं आहे. तो महाग आहे, छोट्या शहरात क्वचित असतो. आपल्याकडच्या दवाखान्यांत दिसतो तो बहुतेक डायोड लेसर, 810 ते 980 नॅनोमीटरच्या आसपासचा. तो मऊ हिरडीवर चालतो. कीटण काढणं त्याचं काम नाही. म्हणजे डायोड लेसर वापरणारे डॉक्टरसुद्धा कीटण काढतात ते क्युरेटने किंवा मशीननेच, आणि लेसर त्यानंतर पॉकेटमध्ये फिरवतात. मग "लेसरने न दुखता" याचा अर्थ काय? खोल कीटण काढण्याचं दुखणं तर तेच राहिलं. शिवाय वर सांगितलेल्या युरोपियन सूचनांनी खोल सफाईला जोड म्हणून लेसर वापरू नये असं सुचवलं आहे, कारण जादा फायदा पक्का दिसला नाही. म्हणून त्या दुसऱ्या दवाखान्यात विचारा: लेसर कोणता आहे, आणि कीटण कशाने काढणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "मशीनने" असं आलं, तर न दुखण्याची हमी लेसर देत नाहीये, त्यांची भूल देतेय. मग तीच भूल पहिल्या दवाखान्यातही मिळू शकते.

हवा आणि बारीक पावडरचा फवारा, ज्यात ग्लायसीन किंवा एरिथ्रिटॉल वापरतात, तो सगळ्यांत सौम्य आहे यात शंका नाही. पण तो फक्त मऊ जंतुथर काढतो. वर्षानुवर्षं बसलेलं काळं कीटण त्याने हलत नाही. आईंना तो उपयोगी पडेल, पण आज नाही. टिप उभ्या दिशेने हलवणारी व्हेक्टर नावाची एक जर्मन पद्धत आहे, तिच्यात दुखणं कमी असल्याचे चांगले अहवाल आहेत. मात्र कीटण जाड असेल तर तिला वेळ फार लागतो.

इथे अभ्यासांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर कुठलीही जाहिरात तुम्हाला "शास्त्रीय पुरावा" दाखवून जाईल. सौम्य पद्धती जिंकल्याचे बरेचसे अभ्यास देखभालीच्या पेशंटवर झालेत, म्हणजे ज्यांची मोठी सफाई आधीच झाली आहे आणि जे दर काही महिन्यांनी तपासायला येतात. त्यांच्या हिरड्या शांत असतात, कीटण नवं आणि पातळ असतं. त्यावरून पहिल्यांदा खुर्चीत बसणाऱ्या, रक्त येणाऱ्या, दात हलणाऱ्या बाईंचा अंदाज बांधता येत नाही. दुसरं, दुखणं मोजतात ते 10 सेंटिमीटरच्या रेषेवर. एका टोकाला "अजिबात नाही", दुसऱ्या टोकाला "सहन होणार नाही एवढं", आणि पेशंट मधे खूण करतो. पद्धतींमधला सरासरी फरक कधीकधी पाच मिलिमीटरचा निघतो आणि गणिताने तो खरा ठरतो, पण तीव्र वेदनेत साधारण 10 ते 13 मिलिमीटरच्या आतला फरक माणसाला स्वतःला जाणवत नाही असं मानलं जातं. आणि तिसरं, आवाजावरून पेशंटला कळतंच की मशीन चालू आहे की हात. त्याची जी भीती असेल ती खुणेत उतरते. घाबरलेल्या माणसाला कुठल्याही पद्धतीत जास्त दुखतं, हे मात्र अभ्यासांमागून अभ्यासांत सारखं दिसत आलं आहे.

म्हणून भुलीकडे वळते. ताई, माझं सगळं म्हणणं इथे आहे.

आपल्या भागात अजूनही पुष्कळ ठिकाणी खोल सफाई भूल न देता, किंवा नुसता सुन्न करणारा स्प्रे मारून केली जाते. त्यामागे पेशंटची सुईची भीती असते, आणि "थोडंच आहे, सहन करा" अशी सवयही असते. पॉकेट 4 मिलिमीटरची असतील तर स्प्रेवर भागतं. पण 6-7 मिलिमीटरच्या पॉकेटमध्ये स्प्रे पोचत नाही. पेशंट आक्रसतो, डॉक्टरांचा हात आपोआप वर येतो, तळाशी कीटण राहून जातं. म्हणजे दुखणंही झालं आणि कामही अर्धवट राहिलं. सुन्न तोंडात डॉक्टर तळापर्यंत जाऊ शकतात, हा भुलीचा निम्मा फायदा आहे, आणि पेशंटला तो कुणी सांगत नाही.

नेहमीची भूल म्हणजे 2 टक्के लिग्नोकेन, सोबत ॲड्रेनलिन. खालच्या जबड्यात मागच्या बाजूला एक सुई दिली की त्या बाजूची दाढांपासून पुढपर्यंतची रांग बधिर होते. वरच्या जबड्यात दोन-तीन ठिकाणी थोडी थोडी द्यावी लागते, आणि टाळूवरची सुई सगळ्यात बोचते हे मी आधीच सांगून ठेवते. सुईचं दुखणं कमी करायचे उपाय साधे आहेत. आधी जागा कोरडी करून सुन्न करणारी जेल लावून एक-दोन मिनिटं थांबायचं. लगेच सुई टोचली तर जेल लावून उपयोग नाही. सुई बारीक हवी. औषध अगदी हळू सोडायचं, एक मिलिलिटरला मिनिटभर. घाईने सोडलेलं औषध पेशी ताणतं, जे दुखतं ते टोचण्यापेक्षा हेच. मग पाच मिनिटं तरी थांबायचं, आणि प्रोबने, म्हणजे खोली मोजायच्या बारीक सळीने, चाचपून पेशंटला विचारून मगच सुरुवात करायची. फार सुजलेल्या, पू असलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि तिथे भूल नीट चढत नाही. अशा वेळी त्या जागेपासून दूर, नसेच्या मुळाशी दिलेली सुई काम करते. आधी काही दिवस ब्रश आणि औषधी गुळण्यांनी सूज उतरवून मग खोल काम केलं तर फरक पडतो, आणि मी शक्य तिथे तसंच करते: पहिल्या भेटीत फक्त वरवरची सफाई आणि ब्रश शिकवणं, पंधरवड्याने खोल काम.

सुई अजिबात नकोच असेल तर पॉकेटमध्ये सोडायची लिग्नोकेन-प्रिलोकेनची जेल असते. अर्ध्या मिनिटात सुन्न करते, साधारण वीस मिनिटं टिकते. मध्यम खोलीसाठी चांगली आहे, पण सुईइतकी खोल बधिरता देत नाही.

किती दुखेल याचा अंदाज आधीच घ्यायचा असेल तर मोजणीच्या दिवशी लक्ष द्या. डॉक्टर प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब घालून खोली मोजतात, अगदी हलक्या, सुमारे 25 ग्रॅमच्या दाबाने. आईंना तेवढंच जर नकोसं झालं, तर सफाई भुलीशिवाय होऊ देऊ नका. मोजणी सहज सोसली तर पुढचंही बहुधा सोसवेल. आणि ज्या दवाखान्यात मोजणीच केली नाही, कुठल्या दाताला किती खोली आहे हे लिहिलंच नाही, तिथे खोल सफाई कशाच्या आधारावर ठरली हा प्रश्न विचारायला संकोचू नका.

बैठका किती हाही दुखण्याचाच प्रश्न आहे. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी 1995 साली सगळं तोंड 24 तासांच्या आत साफ करायची कल्पना मांडली. त्यानंतरच्या तुलनांत असं दिसलं की एकदम केलं काय किंवा चार भागांत केलं काय, शेवटी हिरडी सारखीच सुधारते. मग ठरवायचं माणूस बघून. शिरपूर किंवा अक्कलकुव्याकडून एसटीने येणाऱ्या मजुराला चार खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी, त्याला मी दोन बैठकांत मोकळं करते. तुमच्या आईंना साखर आहे, वय आहे, आणि एकदम सगळ्या तोंडाची सफाई केली की अंगात कणकण येऊ शकते, म्हणून त्यांच्यासाठी टप्पे बरे. पण ते असे पाडून घ्या: एका वेळी उजवी बाजू, वरची आणि खालची मिळून, पुढच्या वेळी डावी. म्हणजे जेवायला एक बाजू कायम मोकळी राहते. पहिल्या डॉक्टरांनी चार खेपा सांगितल्या त्यात काही चूक नाही, पण दोन्हीकडचे दोन-दोन भाग जोडता येतील का ते विचारा. खुर्चीत मधूनमधून तोंड मिटायला द्या म्हणावं, आणि डावा हात वर केला की थांबायचं असं आधीच ठरवावं. थांबायची किल्ली आपल्या हातात आहे हे कळलं की माणूस अर्धा सैल होतो. आई घरी अहिराणी बोलत असतील तर खुर्चीतही अहिराणीतच बोलू द्या. "आठे दुखस" म्हणून बोट दाखवलं की आम्हाला पुरतं. इकडच्या डॉक्टरांना कळते, नाही कळली तर तुम्ही शेजारी उभ्या राहा.

घरी गेल्यावर काय होईल ते सांगते. भूल दोन-चार तासांनी उतरते, खालच्या ओठाची जरा उशिराने. दुखणं सगळ्यात जास्त त्याच वेळी, पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत असतं, आणि दुसऱ्या दिवशी बहुतेकांना गोळीची गरज राहत नाही. म्हणून भूल उतरायच्या आधीच गोळी घेणं शहाणपणाचं. आईंसाठी पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेनही चांगलं काम करतं, पण जुन्या मधुमेहात मूत्रपिंडाची तपासणी बघितल्याशिवाय किंवा त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा आणि चावायचं काही नको, गाल चावला जातो. त्या दिवशी ठेचा, शेवभाजीची तर्री बाजूला ठेवा. मऊ खिचडी, ताक, किंवा कळण्याची भाकरी दुधात कुस्करून. केळी आपल्याकडे घरोघरी असतात, पण साखरेमुळे एखादंच.

थंड लागणं काही आठवडे टिकतं आणि हळूहळू उतरतं. 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट तेव्हापासूनच सुरू केली तर मदत होते, पण ती रोज वापरून पंधरा दिवसांनी गुण दिसतो, दोन दिवसांत सोडून देऊ नका. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या सांगितल्या तर तेवढ्याच दिवस करायच्या, चहा पिणाऱ्यांच्या दातांवर त्याने तपकिरी डाग येतात.

आणि ती भीती, जी आपल्या गावागावात आहे: "सफाई केली की दात हलतात, फटी पडतात." ताई, हे आईंना आजच सांगा, नाहीतर नंतर त्या सफाईलाच दोष देतील. फट आधीपासूनच होती, तिच्यात सूज आणि कीटण भरलं होतं. सूज उतरली की हिरडी आकसते आणि मोकळी जागा दिसते. खालचे पुढचे दात तर कधीकधी कीटणाच्या भिंतीने एकमेकांना बांधलेले असतात, ते काढल्यावर काही दिवस जास्त हलल्यासारखे वाटतात. हाड जेवढं गेलं तेवढं आजाराने गेलं आहे. हिरडी घट्ट झाल्यावर बऱ्याच जणांचं हलणं कमी होतं, आणि नाही झालं तर मागून बारीक तार किंवा पट्टीने ते दात एकमेकांना बांधता येतात.

मिश्रीबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. भाजलेली तंबाखू बोटाने जिथे रोज घासली जाते, तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. आईंना मशीनच्या पाण्याने सगळ्यात जास्त कुठे झणझणेल तर बहुधा तिथेच. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसतं आणि सफाईनंतर जखमही हळू भरते. म्हणजे तेवढंच दुखणं सोसूनही त्यांना फायदा कमी मिळतो. मी कुणाही बाईला मिश्रीवरून रागावत नाही, कारण बहुतेकींनी ती मुलगी असताना आई-आजीच्या हातून घेतली. पण सफाईचे हे आठवडे ती सोडायला सर्वांत सोपे असतात, कारण तोंड हुळहुळं असतं आणि मिश्री झोंबते. तेव्हा थांबवली तर पुष्कळ जणी परत जात नाहीत. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम असेल तर ती सफाईच्या आधी दाखवा.

साखरेचं उलटं आहे, तिथे सफाईने फायदा होतो. हिरडीचा आजार साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरडी बिघडवते. खोल सफाईनंतर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, सरासरीने सुमारे 0.4 टक्क्यांनी उतरल्याचं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. आईंना दुखण्याच्या भीतीपुढे ही गोष्ट सांगा, माझ्या पेशंटना ती पटते. सफाईच्या दिवशी सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि साखरेची गोळी नेहमीप्रमाणे. उपाशीपोटी आणू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा.

तर तुमच्या जागी मी असते तर पहिल्या डॉक्टरांकडे जाऊन विचारलं असतं: मोजणी दाखवा, भूल सुईने देणार का, जेल लावून थांबणार का, पाणी कोमट करता येईल का, एका बाजूचे दोन भाग एकत्र होतील का. यांची उत्तरं सरळ मिळाली तर तिथेच करून घ्या. लेसरसाठी जादा पैसे घालू नका. पैशाची ओढाताण असेल तर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथे शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ थोडा जास्त लागतो.

सहा ते आठ आठवड्यांनी आईंना पुन्हा मोजणीला न्या. तीच प्रोब, तोच दाब, पण या वेळी बहुतेक जागी त्यांना काही जाणवणार नाही, कारण सूज गेलेली असेल. जिथे अजूनही खोल आहे आणि रक्त येतं, तेवढीच मोजकी जागा पुन्हा साफ करायची किंवा गरज पडली तर हिरडी उघडून. त्यानंतर दर तीन महिन्यांनी देखभाल. तेव्हा कीटण नवं आणि पातळ असेल, आणि पावडरचा तो सौम्य फवारा जवळपास कुठे मिळत असेल तर खरा तेव्हाच वापरायचा.